पन्नास वर्षं न पुसलेली मोटार

मैत्रिणींनो, मथळा वाचून तुमच्यापैकी निम्म्याजणी तरी नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. पाहुणे येणार असोत वा नसोत, आपण रोज खिडकीचे गज पुसणाऱ्या बायका! दसरा जवळ आला की माळा रिकामा, फडताळं रिकामी, जे चकाकेल ते चकाकवायचं आणि उरेल ते भंगारवाल्याला द्यायचं, ही आपली रीत. त्यातून मोटार म्हणजे घरातल्या पुरुषमंडळींचं खातं. आपण मागच्या सीटवर बसायचं, मुलांना उलटी होऊ नये म्हणून लिंबू हातात धरायचं, बस्स.

पण जरा दम धरा. ही गोष्ट मोटारीची आहे खरी, पण ती माळ्यावरच्या सामानाचीही आहे आणि घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचं काय करायचं, याचीही आहे. हा प्रश्न शेवटी कुणाच्या पदरात पडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचं शहर आहे. तिथे एक डॉक्टर राहत असत. त्यांना मूलबाळ नव्हतं. २००७ साली ते वारले, तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांच्या मागे घर, सामान सगळं नातेवाइकांकडे आलं. नातेवाईक आवराआवर करायला गेले आणि त्यांनी गॅरेजचं दार उघडलं, तर आत धुळीच्या थराखाली एक बुटकी, काळी, दोन माणसांची मोटार उभी! डॉक्टरांनी ती १९५५ साली विकत घेतली होती. काही वर्षं हौसेनं चालवली आणि १९६० च्या सुमाराला गॅरेजात लावली, ती लावलीच. जवळजवळ पन्नास वर्षं तिला ना कुणी धुतलं, ना रंगवलं, ना दुरुस्त केलं.

आता आपल्या घरी असं काही निघालं असतं, तर पहिली गोष्ट काय झाली असती? बादली, साबण आणि जुनं धोतर! त्या मंडळींनी मात्र तिला हात लावला नाही. बॉनहॅम्स नावाची लिलाव करणारी जुनी कंपनी आहे. तिच्यामार्फत ती गाडी होती तशी, धुळीसकट, विकायला काढली. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसला जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता, तिथे लिलाव झाला. बोली थांबली आणि सगळा हिशेब झाला तेव्हा आकडा होता चौतीस लाख सतरा हजार पाचशे युरो. तेव्हाच्या भावानं धरलं तर आपले एकवीस कोटी रुपये!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ह्यांना म्हटलं, ‘‘छापण्यात शून्यं जास्त पडली असतील.’’ पण नाही, शून्यं बरोबर होती. मग मात्र मी त्या गाडीच्या मागेच लागले.

ती गाडी होती बुगाटी. हे नाव आपल्याला फारसं परिचयाचं नाही. एत्तोरे बुगाटी हा मूळचा इटलीतल्या मिलानचा. वडील उंची फर्निचर घडवणारे, भाऊ प्राण्यांची शिल्पं करणारा, असं कलावंतांचं घराणं. एत्तोरेला यंत्रांचं वेड. त्यानं १९०९ साली आल्सास प्रांतात मोल्सहाइम या गावी कारखाना काढला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आला. एत्तोरेचं म्हणणं असं, की यंत्र चाललं पाहिजे आणि दिसलंही पाहिजे. त्याच्या इंजिनाचे पृष्ठभाग कारागीर हातानं तासून इतके सपाट करत, की पुष्कळशा जोडांत मध्ये गॅस्केट घालायची गरजच पडत नसे. आपल्या भाषेत सांगायचं तर रबरी रिंग न लावता कुकरचं झाकण घट्ट बसावं आणि वाफेचा टिपूसही बाहेर येऊ नये, तशातला प्रकार! गाडीच्या नाकाशी घोड्याच्या नालेच्या आकाराची जाळी, ती बुगाटीची खूण.

डॉक्टरांची गाडी १९३७ सालची. प्रकार ‘५७ एस’. यातला ‘एस’ म्हणजे बुटकी केलेली. गाडी जितकी जमिनीलगत तितकी ती वळणावर स्थिर, म्हणून मागचा आस गाडीच्या सांगाड्याच्या खालून न नेता चक्क सांगाड्यातून आरपार नेलेला. पुढे सव्वातीन लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. ज्या काळात सर्वसाधारण मोटार ताशी ऐंशी किलोमीटरला धापा टाकायची, त्या काळात ही एकशे नव्वदच्या घरात जायची. अशा ‘५७ एस’ गाड्या चाळीसेकच झाल्या, आणि त्यांतल्या अवघ्या सतरा गाड्यांवर ‘अटलांट’ या घाटाची बंद बॉडी चढवली होती. ही त्या सतरांतली एक. पहिला मालक कोण, तर अर्ल हाउ. हे इंग्लंडमधले सरदार १९३१ साली फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेले, म्हणजे गाडीची पारख असलेले गृहस्थ.

अटलांट हे नाव कुठून आलं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अटलांटा ही ग्रीक पुराणातली मुलगी. बापाला मुलगा हवा होता, म्हणून त्यानं हिला जन्मतःच डोंगरावर टाकून दिलं. अस्वलीनं दूध पाजलं, शिकाऱ्यांनी वाढवलं. पुढे ती वाऱ्यासारखी धावू लागली. लग्नाचा आग्रह झाला तेव्हा तिनं पण लावला, ‘जो मला धावण्यात हरवील त्याच्याशीच लग्न, जो हरेल त्याचं मस्तक जाईल.’ कित्येकांची गेली. शेवटी एकानं देवीकडून सोन्याची तीन सफरचंदं मिळवली आणि धावता धावता एकेक तिच्या वाटेत टाकलं. ती उचलायला वाकली आणि तेवढ्यात तो पुढे गेला. बघा, सोन्याच्या पायी हरली बिचारी! बापाला नकोशी झालेल्या मुलीचं नाव पुढे जगातल्या सर्वांत देखण्या मोटारींपैकी एकीला मिळालं, याचं मला आपलं बरं वाटतं.

आणि बायकांनी ही गाडी नुसती मागच्या सीटवर बसून पाहिली असंही नाही हं. एलिश्का युन्कोव्हा नावाची झेक बाई बुगाटी घेऊन शर्यतीत उतरायची. १९२८ साली सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ या डोंगराळ शर्यतीत ती भल्याभल्या पुरुषांना मागे टाकून एका टप्प्यावर सगळ्यांच्या पुढे होती. शेवटी पाचवी आली. शर्यतीआधी सगळा मार्ग डोळ्यांखाली घालून वळणं पाठ करायची तिची पद्धत होती. आपण परीक्षेला जाण्यापूर्वी धडे गिरवतो, तसंच की नाही? त्याच वर्षी तिचा नवरा शर्यतीत अपघातात गेला आणि तिनं शर्यतीची गाडी कायमची सोडली.

बुगाटीच्या घरावरही असाच घाला पडला. एत्तोरेचा मुलगा झाँ, गाड्यांना रूप देणारा कलावंत खरा तोच, ऑगस्ट १९३९ मध्ये गाडीची चाचणी घेत असताना वाटेत सायकलवाला आडवा आला, त्याला वाचवायला गेला आणि झाडावर आदळला. तीस वर्षांचा होता. वडील १९४७ साली गेले. त्यानंतर त्या कारखान्यानं पूर्वीचं वैभव पुन्हा पाहिलं नाही. त्यामुळे १९३७ ची ती गाडी म्हणजे त्या बाप-लेकांच्या चांगल्या दिवसांतला ऐवज.

आता तुम्ही विचाराल, की दुर्मीळ होती म्हणून किंमत आली, त्यात धुळीचं कौतुक कसलं? तेच तर समजून घेण्यासारखं आहे. अशा गाड्यांपैकी पुष्कळशा पुढे खोलून, घासून, नव्यानं रंगवून, नवी कातडी सीट बसवून लखलखीत केल्या गेल्या. त्या दिसतात राजकन्येसारख्या. पण जाणकार जवळ जाऊन विचारतो, यातला १९३७ सालचा पत्रा किती आणि आजचा किती? इंजिन तेच का, की दुसऱ्या गाडीचं? डॉक्टरांच्या गाडीपुढे हे प्रश्न बंद पडले. सांगाडा तोच, इंजिन तेच, बॉडी तीच आणि मीटरवर आकडा २६,२८४ मैल, म्हणजे साधारण बेचाळीस हजार किलोमीटर. डॉक्टरांनी तिच्यासाठी काहीच केलं नाही, आणि हे ‘काहीच न करणं’ हीच तिची मोठी जमेची बाजू ठरली. गाड्या जमवणाऱ्यांत एक बोलणं आहे, रंगवता कितीही वेळा येईल, मूळची ती एकदाच असते.

पण इथे एक मेख आहे, आणि मला सगळ्यांत ती आवडली. ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राहिलेली नव्हती बरं का! अर्ल हाउ यांनी तिला आपल्या सोयीनं बंपर बसवून घेतले, आरसे लावले. पुढे एका मालकानं इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र, ज्याला सुपरचार्जर म्हणतात, तेही जोडलं. तरी ती ‘अस्सल’! कारण ज्यांनी ती चालवली, त्यांनी ती चालवताना केलेले हे फेरफार होते. ते तिच्या आयुष्याचा भाग झाले. आजीच्या पैठणीला आजीनंच कधीतरी केलेला रफू असतो ना, तसं. तो रफू दिसू नये म्हणून आपण काठच बदलून टाकला, तर पैठणी नवी दिसेल, पण मग ती आजीची कुठे राहिली? भर घातलेली चालते. पुसून टाकलेलं परत येत नाही.

ही काही एका लिलावाची लहर नव्हे. फ्रान्सच्या पश्चिमेला एका वाडीवर पत्र्याच्या शेडखाली साठेक गाड्या पडून होत्या. वाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांनी संग्रहालय काढायच्या स्वप्नानं जमवलेल्या, आणि धंदा बुडाल्यावर तिथेच राहिलेल्या. काहींचे नुसते गंजके सांगाडे उरले होते. त्यांच्यातच एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली! (आपल्याकडेही रद्दी ठेवायला जागा लागतेच.) २०१५ च्या फेब्रुवारीत तीही पॅरिसलाच विकली गेली, एक कोटी त्रेसष्ट लाख युरोंच्या आसपास. आणि अमेरिकेत पेबल बीच इथे दरवर्षी जुन्या गाड्यांची जी सर्वांत मानाची स्पर्धा भरते, तिथे आजवर पहिला नंबर नेहमी आरशासारख्या चमकणाऱ्या गाडीचाच यायचा. २०२४ साली प्रथमच तो मान न रंगवलेल्या, डाग-ओरखडे अंगावर तसेच बाळगणाऱ्या गाडीला मिळाला. तीही बुगाटीच, १९३४ सालची, एकेकाळी बेल्जियमच्या राजाच्या मालकीची.

एवढी सगळी माहिती मी का गोळा केली, ते आता सांगते. आमच्याकडून एक चूक झाली होती, आणि ती नेमकी काय होती हे मला न्यूकॅसलच्या गाडीनं कळलं.

माझे वडील गेले त्याला आता दहा वर्षं होतील. त्यांच्याकडे १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड होती, दोन दारांची, फिकट निळी. तुमच्यापैकी ज्यांचं माहेर जरा हौशी असेल त्यांना आठवेल, तिचं बॉनेट दारासारखं वर न उघडता मगरीच्या जबड्यासारखं अख्खंच्या अख्खं पुढे कलंडायचं. मद्रासला बनायची ही गाडी. मूळची विलायतेतली ट्रायम्फ हेरल्ड, रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि तिचाच सांगाडा आखूड करून त्यावर इंग्रजांनी स्पिटफायर नावाची उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी केली. तेव्हा आमची हेरल्ड काही स्पोर्ट्स कार नव्हती, पण स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण होती म्हणा! बाबांनी ती १९८२ साली जुनी म्हणूनच घेतली होती. आई तिच्यावरच गाडी शिकली, गावाबाहेरच्या मैदानावर. शिकताना डावीकडचं दार विहिरीच्या कठड्याला घासलं. तो पोचा बाबांनी मुद्दाम काढला नव्हता. कुणी विचारलं की सांगायचे, ‘‘ही आमच्या मंडळींची सही.’’

बाबा गेल्यावर दोन वर्षं गाडी अंगणात उभी राहिली. मग दादा म्हणाला, विकून टाकू. विकायची तर चांगली दिसायला हवी, हे मी म्हटलं. हो, मीच. लेकीचं लग्न ठरवताना तिला जरा सजवतात, त्यातलाच विचार. गॅरेजवाल्यानं डेंटिंग-पेंटिंग केलं, पोच्यात पुट्टी भरली, वर लालभडक रंग मारला. सीटांचं भेगाळलेलं कापड काढून चकाकतं रेक्झिन घातलं. चाकांवरच्या जुन्या टोप्या भंगारात दिल्या. पस्तीस हजार रुपये झाले. बाबांची एक पिशवीभर कागदपत्रं होती, पेट्रोलच्या पावत्या, दुरुस्तीची बिलं, ती मी ‘कचरा’ म्हणून बंबात घातली.

पुण्याचे एक वयस्क गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांनी खिशातून एक लहानसं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दारावरून अलगद फिरवायला लागले. पत्र्यावर ते चिकटायचं. पुट्टीवर आलं की घसरायचं. आईच्या ‘सही’वर येताच टुपकन खाली पडलं. मग ते बॉनेट उघडून बघत राहिले, आणि म्हणाले, ‘‘वहिनी, मूळचा रंग कुठला हो?’’ आई म्हणाली, ‘‘फिकट निळा.’’ त्यांनी आमच्या अपेक्षेपेक्षा चाळीस हजार कमी सांगितले. दादानं हुज्जत घातली, तर शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, मला हे सगळं आधी काढायला लागेल. तुम्ही रंगवली नसती तर मी तुम्ही मागाल ती किंमत दिली असती.’’

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. गाडी गेली त्या रात्री आई भांडी विसळता विसळता एवढंच म्हणाली, ‘‘दाराचं तेवढं राहू द्यायला हवं होतं गं.’’ तिला आम्ही विचारलंच नव्हतं. गाडीत तिचं काय, असं आम्हा सगळ्यांनीच धरलं होतं. माझ्यासकट.

म्हणून, मैत्रिणींनो, तुमच्या सासरी-माहेरी अंगणात, वाड्याच्या दिंडीत किंवा इमारतीच्या तळाशी एखादी जुनी गाडी उभी असेल, फियाट असो, अँबेसेडर असो, नाहीतर मामंजींची लॅम्ब्रेटा वा जावा असो, तर ती विकायचं ठरण्याआधी थोडं माझं ऐका.

सगळ्यांत आधी फोटो काढा. धूळ, जाळी, उंदरानं कुरतडलेली गादी, सगळ्याचे. हलवायच्या आधी, पुसायच्या आधी. मग कागद. आणि कागद कुठे सापडतील, तर गाडीत नव्हे! आर. सी. बुक देवघराच्या खणात, जुन्या पावत्या पिठाच्या डब्यामागे, जादा किल्ली मंगळसूत्राच्या डबीत. हे आपल्यालाच माहीत असतं. पहिलं बिल, जुने टॅक्सचे टोकन, विम्याचे कागद, कंपनीचं पुस्तक, जॅक, पाने, चाकांच्या टोप्या, काही काही टाकू नका. फुटकी असली तरी मूळची टोपी नव्या चकचकीत टोपीपेक्षा मोलाची. सांगाड्यावर आणि इंजिनावर कोरलेले नंबर आर. सी. बुकातल्या नंबरांशी ताडून पाहा आणि रंगाच्या नादात कुणाला ते घासू देऊ नका.

‘चालू होते का बघू’ म्हणून मुलं किल्ली फिरवतील किंवा ढकलत नेतील, त्यांना आवरा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट राळेसारखं होतं, सिलिंडरमधल्या रिंगा अडकून बसतात, आणि अशा इंजिनाला बळजबरी केली तर जे धड आहे तेही मोडतं. जाणता मिस्त्री आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतो, दोनचार दिवस मुरू देतो आणि मग इंजिन हातानं हळूहळू फिरवून बघतो. मुरांब्याला घाई चालत नाही, तशी इथेही चालत नाही.

गाडी नुसती सांभाळून ठेवायची असेल तर प्लॅस्टिकचा कागद मुळीच घालू नका. त्याखाली घाम धरतो आणि पत्रा सडतो. कोकणातल्या नि मुंबईच्या बायकांना हे निराळं सांगायला नको. जुन्या सुती चादरी शिवून खोळ करा. बॅटरी काढून ठेवा, नाहीतर तिचं अ‍ॅसिड पाझरून खालचा पत्रा खातं. आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं जरा उचलून घेतली तर टायर एका जागी बसत नाहीत. धुराड्याच्या नळीत फडक्याचा बोळा घाला, म्हणजे उंदीर संसार थाटणार नाहीत, मात्र बोळा घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. डांबराच्या गोळ्या तर आपल्या घरात असतातच.

आणखी एक कायद्याची गोष्ट, जी आमच्या वेळी नव्हती. २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली खाजगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, ती दहा वर्षं चालते, नंतरच्या नोंदणीला पाच हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज बाजारहाटाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. आणि मुख्य अट काय, तर गाडी मूळच्या रूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे पॅरिसच्या लिलावात जे बोललं जातं, तेच आता आपल्या आर. टी. ओ.च्या नियमातही लिहिलेलं आहे! अर्थात गाडी ज्यांच्या नावावर होती ते हयात नसतील, तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. विकण्याची बोलणी त्यानंतर. हे काम ‘बघू पुढे’ म्हणून लांबवू नका.

आणि गाडी घ्यायला येणाऱ्या माणसाकडे चुंबक आहे का, ते बघा. असेल तर समजा की गाडीची कदर असलेला माणूस आलाय. त्याच्याशी खरं बोला. पोचा कुणी पाडला, कधी पाडला, तेसुद्धा सांगा.

आमच्या हेरल्डचं पुढे काय झालं, हे राहिलं. गाडी गेल्यावर वर्षभरानं आईचं शिवणाचं कपाट आवरत होते. तळाशी खाकी कॅनव्हासची एक गुंडाळी निघाली. तिच्या कप्प्यांत विणायच्या सुया आणि क्रोशाचे हूक. आई म्हणाली, ‘‘अगं, ती गाडीच्या पान्यांची. पाने तुझ्या बाबांनी डब्यात ठेवले, मला सुयांना बरी म्हणून घेतली मी.’’ पाने शोधले, तेही मिळाले, सातापैकी पाच. सुया काढल्या, पाने आपापल्या कप्प्यांत घातले आणि पुण्याच्या त्या गृहस्थांना रजिस्टर पार्सलनं पाठवून दिले. सोबत चिठ्ठी लिहिली, डावीकडच्या दाराची सगळी हकिकत.

महिन्याभरानं त्यांचं पाकीट आलं. आत आभाराच्या चार ओळी आणि एक फोटो. आमच्या रंगाऱ्यानं डिकीच्या झाकणाची आतली बाजू रंगवायचा कंटाळा केला होता. वरच्या अस्तराचा पुठ्ठा काढल्यावर तिथे हातभर जागेत जुना रंग जसाच्या तसा निघाला होता. त्यावरून आता अख्ख्या गाडीचा रंग जुळवून घेतोय, असं त्यांनी लिहिलं होतं. पुट्टी काढून दार उघडं केलंय, पण पोचा ठोकून सरळ करावा की राहू द्यावा, ते वहिनींना विचारून कळवा, असंही होतं.

मी फोटो आईला दिला. तिनं चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

‘‘हाच तो निळा,’’ म्हणाली. ‘‘आणि त्यांना लिही, राहू द्या म्हणावं.’’